कमरेचे सांधे दुखतात तेव्हा पाठीचे स्नायू काय करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत फिजिओथेरपीच्या ओपीडीत कंबरदुखीचे पेशंट येतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात एमआरआयची मोठी पिशवी असते आणि तोंडी एक वाक्य: "मणक्यात गॅप आलाय." हाडांबद्दल त्यांना कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं. त्या हाडांना धरून ठेवणाऱ्या स्नायूंबद्दल सहसा कुणीच बोललेलं नसतं. खालचे प्रश्न तिथेच पुन्हा पुन्हा ऐकलेले आहेत. उत्तरं कमरेच्या सांध्यांतून उठणाऱ्या दुखण्यापुरती आहेत आणि ती वाचून प्रत्यक्ष तपासणी टाळू नये, ही विनंती.

कमरेत सांधे असतात? आम्हाला तर मणके आणि गादी एवढंच माहीत होतं.

असतात, आणि बरेच असतात. कमरेच्या भागात पाच मणके आहेत. दोन मणक्यांमध्ये पुढच्या बाजूला गादी असते, आणि मागच्या बाजूला डावा-उजवा असे दोन छोटे सांधे असतात. त्यांना फॅसेट जॉइंट म्हणतात. शेवटचा मणका खालच्या त्रिकोणी हाडावर बसतो, तिथपर्यंत मोजले तर पाच पातळ्यांवर मिळून दहा सांधे होतात. गुडघ्यात जे असतं तेच इथेही असतं: कूर्चा, सांध्याचं आवरण, आतला वंगणाचा द्रव. त्यामुळे गुडघ्यासारखेच हेही झिजतात, सुजतात आणि दुखतात.

त्यांच्या खाली आणखी दोन सांधे आहेत. त्रिकोणी हाड कटीच्या हाडांना दोन्ही बाजूंनी जिथे भिडतं तो एसआय जॉइंट. तो जेमतेम दोन-चार अंश हलतो. पण वरच्या सगळ्या शरीराचा भार पायांकडे जातो तो याच दोन सांध्यांतून.

माझं दुखणं सांध्याचं आहे की गादीचं, हे कसं ओळखायचं?

घरबसल्या खात्रीने नाही ओळखता येत. काही खुणा मात्र आहेत. फॅसेटचं दुखणं मागे वाकताना, मागे वाकून वळताना आणि फार वेळ उभं राहिल्यावर वाढतं. खाली बसलं किंवा जरा पुढे वाकलं की बरं वाटतं. कळ नितंबात, मांडीच्या मागे जाते, पण सहसा गुडघ्याच्या वरच थांबते. मुंग्या, बधिरपणा नसतो.

एसआय जॉइंटचं दुखणं असणाऱ्या माणसाला "कुठे दुखतं?" विचारलं की तो पूर्ण हात फिरवत नाही, एक बोट ठेवतो. कमरेखाली पाठीमागे दोन बाजूंना ज्या खळ्या दिसतात, त्यातल्या एका खळीवर ते बोट जातं. झोपेत कूस बदलताना, रिक्षातून एक पाय बाहेर टाकून उतरताना, जिना चढताना चमक निघते. तपासणीत आम्ही या सांध्यावर वेगवेगळ्या दिशांनी दाब देणाऱ्या पाच चाचण्या करतो. त्यातल्या तीन किंवा जास्त चाचण्यांत नेहमीची कळ उठली तर संशय बळावतो. खरी खात्री सांध्यात किंवा त्याच्या नसेजवळ बधिर करणारं इंजेक्शन देऊन होते, पण ती प्रत्येकाला लागत नाही.

गादीचं दुखणं बहुधा याच्या उलट वागतं. बसल्यावर, पुढे वाकल्यावर, शिंकल्यावर वाढतं, आणि नस दबली असेल तर गुडघ्याच्या खाली पावलापर्यंत जातं.

पाठीचे स्नायू म्हणजे नक्की कोणते?

हाताला लागतात ते कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब, जाड पट्टे. ताकदीचं काम त्यांचं: कळशी उचलणं, वाकून पुन्हा सरळ होणं. त्यांच्या आत, हाडाला चिकटून, मल्टिफिडस नावाचा स्नायू असतो. तो मणक्याच्या मागच्या टोकापासून निघून दोन ते चार मणके खाली जाऊन चिकटतो. त्याचे काही धागे थेट फॅसेट सांध्याच्या आवरणालाही जोडलेले असतात, त्यामुळे हालचालीत ते आवरण सांध्यात चिमटत नाही. एकेका मणक्याला जागच्या जागी सांभाळायचं काम मुख्यतः याचं.

पण पाठ एकटी काम करत नाही. पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू, श्वासपटल, ओटीपोटाचा तळ आणि नितंबाचा मोठा स्नायू हे सगळे तिचे सोबती आहेत. एसआय जॉइंटसाठी नितंबाचा स्नायू फार महत्त्वाचा. तो आकुंचला की सांध्याची दोन हाडं एकमेकांवर दाबून धरली जातात.

दुखतो सांधा, मग स्नायू का बिघडतो?

सगळ्या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून इथे थोडं थांबू या.

फॅसेट सांध्याच्या वेदना मेंदूकडे नेणारी एक बारीक नस असते, मेडिअल ब्रांच. तीच नस मल्टिफिडसला आकुंचनाचा हुकूम देते. सांधा सुजला, त्याचं आवरण ताणलं गेलं, की तिथून निघणारे संदेश मज्जारज्जूत पोहोचतात आणि मज्जारज्जू त्याच भागातल्या स्नायूला जाणारा हुकूम दाबून टाकतो. गुडघ्यात पाणी झालेल्या माणसाची मांडी काही दिवसांत कशी सुकते हे पुष्कळांनी घरात पाहिलं असेल. तो मनापासून मांडी आवळायला जातो आणि ती आवळतच नाही. कमरेत हेच घडतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

डुकरांवर झालेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झालं. १९९७ मध्ये इंडाल आणि सहकाऱ्यांनी फॅसेट सांध्यात नुसतं सलाइन सोडलं, तर मल्टिफिडसचा प्रतिसाद कमी झाला. २००६ मध्ये हॉजेस यांच्या गटाने कमरेच्या एका गादीला इजा केली, तर त्या पातळीवरचा मल्टिफिडस तीन दिवसांत बारीक झालेला आढळला. तीन दिवसांत! एवढ्या अवधीत निव्वळ वापर थांबल्याने स्नायू असा आणि तेवढ्याच एका जागी सुकत नाही. वरून येणारा हुकूम दाबला गेला, हेच बहुधा त्याचं कारण.

दुसरी गोष्ट वेळेची. निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा हात हलण्याच्या आधीच पोटाचा आतला आडवा स्नायू सावध झालेला असतो. हॉजेस आणि रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये दाखवलं की कंबरदुखी असलेल्यांमध्ये तो उशिरा जागा होतो. एसआय जॉइंट दुखणाऱ्या पुरुषांवर २००३ मध्ये हंगरफोर्ड यांनी अभ्यास केला. एका पायावर उभं राहताना ज्या बाजूचा सांधा दुखतो त्या बाजूचा मल्टिफिडस, पोटाचा आतला तिरका स्नायू आणि नितंबाचा स्नायू हे तिन्ही उशिरा कामाला लागत होते, आणि मांडीच्या मागचा स्नायू मात्र ठरल्यापेक्षा आधीच ताणला जात होता.

ढोलपथकात ताशाचा इशारा येतो आणि मग ढोल पडतो. इशारा उशिरा आला तर प्रत्येक ढोलात दम असूनही ठेका विस्कटतो. कमरेचं तसंच होतं. म्हणूनच "माझ्या पाठीत ताकद आहे, मी जिमला जातो" म्हणणाऱ्या तरुणालाही बादली उचलताना उसण भरते. ताकद असते, सांध्यावर भार यायच्या आधी त्याला सावरणारा आतला स्नायू वेळेवर पोहोचलेला नसतो.

मग दुखणं थांबलं की स्नायूही आपोआप सुधारत असेल ना?

नाही. इथेच लोक फसतात, आणि सहा महिन्यांनी तेच दुखणं घेऊन परत येतात.

ऑस्ट्रेलियात ज्युली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच कंबर धरलेल्या, एका बाजूला दुखणाऱ्या ३९ जणांचा अभ्यास केला. तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना फक्त औषधं आणि सल्ला, उरलेल्यांना त्यासोबत मल्टिफिडसचे नेमके व्यायाम. चार आठवड्यांत दोन्ही गटांचं दुखणं जवळजवळ थांबलं. पण सोनोग्राफीत ज्यांनी व्यायाम केला नव्हता त्यांचा स्नायू दहाव्या आठवड्यातही बारीकच होता, आणि तोवर ती माणसं कामावर जाऊ लागली होती. पुढे २००१ मध्ये त्यांनी पुढच्या वर्षाचा हिशोब मांडला: व्यायाम न केलेल्यांपैकी ८४ टक्के जणांना वर्षभरात दुखणं पुन्हा झालं, व्यायाम केलेल्यांत ३० टक्के जणांना. अभ्यास लहान होता, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचावेत. पण दुखणं जाणं आणि स्नायू परत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने ठामपणे पुढे आणलं.

पेशंटना मी म्हणूनच आग्रहाने सांगते, गोळी बंद झाली त्या दिवशी व्यायाम बंद करू नका. खरं काम त्या दिवसापासून सुरू होतं.

पण माझी पाठ तर दगडासारखी कडक असते. ती अशक्त कशी असेल?

दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आतला स्नायू हात आखडता घेतो तेव्हा बाहेरचे लांब पट्टे पहारा वाढवतात. ते सतत आवळलेले राहतात आणि संध्याकाळपर्यंत स्वतःच दुखू लागतात.

हे बघायला एक सोपी जागा आहे. पेशंट उभा राहून हळूहळू पायाच्या अंगठ्यांकडे वाकतो आणि आम्ही कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवतो. निरोगी पाठीत अर्ध्या वाटेपर्यंत पट्टे घट्ट लागतात. मग पूर्ण वाकल्यावर ते अचानक मऊ पडतात, कारण तिथे भार अस्थिबंधांवर गेलेला असतो आणि स्नायूला सुट्टी मिळते. फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी १९५० च्या दशकात हे विद्युत्‌-नोंदींनी दाखवलं. कंबरदुखीच्या पुष्कळ पेशंटमध्ये ही सुट्टी येतच नाही. पूर्ण वाकल्यावरही बोटांखाली दोरखंड तसाच ताणलेला लागतो. अशा पाठीला आधी सैल पडायला शिकवावं लागतं, मग बळ द्यावं लागतं. तिच्याकडून पहिल्याच दिवशी जोरकस व्यायाम करून घेतले तर कडकपणाच वाढतो.

यात भीतीचा वाटा मोठा आहे. "वाकू नका, मणका सरकेल" हे वाक्य एकदा कानावर पडलं की माणूस वर्षानुवर्षं पाठ आवळून चालतो.

एमआरआयमध्ये फॅसेटची झीज आणि स्नायूत चरबी लिहिली आहे. आता हे कायमचं का?

झिजेने घाबरू नका. ज्यांची कंबर कधी दुखत नाही अशा माणसांच्या एमआरआय-सीटी तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के निरोगी माणसांत गादीची झीज होती, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत. फॅसेटची झीज विशीत ४ टक्के, ऐंशीत ८३ टक्के. हे सगळे न दुखणारे लोक होते. रिपोर्टवरच्या शब्दांचा तुमच्या दुखण्याशी मेळ बसतो का, हे तपासणीनेच ठरतं.

स्नायूतली चरबी ही जुन्या दुखण्याची खूण आहे. बहुधा ती सगळ्यात खालच्या दोन पातळ्यांवर दिसते. व्यायामाने स्नायूचा आकार आणि काम सुधारतं, चरबी मात्र लवकर हटत नाही. माझ्या मते तिच्या मागे लागूच नये. तीन मजले जिना चढता येतोय का, पोराला कडेवर घेता येतंय का, यावर लक्ष ठेवावं.

माझे स्नायू नीट काम करतात की नाही, हे घरी पाहता येईल?

दोन गोष्टी करून बघा. पहिली: पाठीवर झोपा, पाय सरळ, थोडे अंतरावर. गुडघा न वाकवता एक पाय वीतभर उचला, मग दुसरा. एक पाय शिशासारखा जड वाटला, तर घरातल्या कुणालातरी दोन्ही हातांनी कमरेखालची हाडं बाजूंनी आत दाबून धरायला सांगा आणि तोच पाय पुन्हा उचला. पाय एकदम हलका झाला, तर एसआय जॉइंटला बाहेरून मिळालेला आधार स्नायूंकडून मिळत नाहीये असं समजायला जागा आहे. पेशंटच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आश्चर्य उमटतं, ते पाहून पुढचं समजावून सांगायला फारसे शब्द लागत नाहीत.

दुसरी: पालथं झोपा, पोटाखाली उशी. कुणीतरी कमरेच्या मधल्या हाडाच्या लगत दोन्ही बाजूंना अंगठे हलके रुतवावेत. तुम्ही पाठ न उचलता, श्वास न रोखता, अंगठ्यांखालचा स्नायू हळूच फुगवायचा. दुखऱ्या बाजूला अंगठ्याखाली काहीच हललं नाही, तर सुरुवात कुठून करायची ते कळलं.

दवाखान्यात आम्ही पाठीच्या स्नायूंचा दम मोजणारी सोरेन्सन चाचणीही करतो. पेशंट टेबलावर पालथा, कमरेवरचं धड टेबलाबाहेर, आणि ते जमिनीला समांतर धरून ठेवायचं, जास्तीत जास्त २४० सेकंद. ही घरी पलंगाच्या कडेवरून करू नका.

कोणते व्यायाम करावेत?

आधी एक गोष्ट मनापासून सांगते: एकच जादूचा व्यायाम नाही. आतल्या स्नायूंचे नेमके व्यायाम आणि इतर प्रकारचे व्यायाम यांची २०१६ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात तुलना झाली. जुनाट कंबरदुखीत दोन्हींच्या परिणामात फारसा फरक दिसला नाही. त्यामुळे "मल्टिफिडस जागा केल्याशिवाय बाकी काही करायचंच नाही" हा हट्ट मी धरत नाही. ज्याला तो स्नायू सापडतच नाही, त्याच्यासाठी हे व्यायाम सुरुवातीची पायरी म्हणून फार उपयोगी पडतात.

ती पायरी म्हणजे वर सांगितलेला पालथ्या स्थितीतला हलका फुगवटा. दहा सेकंद धरायचा, दहा वेळा, दिवसातून दोनदा. जोर लावायचा नाही. जोर लावला की बाहेरचे पट्टे धावून येतात आणि आतला पुन्हा झोपतो. हे जमलं की तोच स्नायू बसून, मग उभं राहून आवळून बघायचा.

पुढची पायरी ओणवं होऊन करायची. हात आणि गुडघे जमिनीवर, उजवा हात आणि डावा पाय एकाच वेळी लांब, आठ-दहा सेकंद, मग बाजू बदलायची. कंबर एका बाजूला झुकायला लागली की तिथेच थांबायचं, संख्या पुरी करायची नाही. उताणं झोपून नितंब उचलायचा, टाचांवर भार द्यायचा. हा एसआय जॉइंटवाल्यांनी सोडूच नये. कुशीवर झोपून कोपरावर धड उचलायचं, सुरुवातीला गुडघे वाकवून.

आणि यानंतर भार उचलायलाच हवा. बरेच पेशंट सतरंजीवरच्या व्यायामांपाशी अडकून राहतात, त्यांची पाठ फक्त सतरंजीपुरती शहाणी होते. पाण्याची बादली अर्धी भरा, कमरेतून न वाकता खुब्यातून मागे सरका, बादली अंगाजवळ घ्या आणि उठा. हळूहळू बादली भरत न्या. माथाडी कामगार असो की घरात पहाटे पाणी भरणारी बाई, जिला भार उचलायचाच आहे, तिच्या व्यायामात भार असलाच पाहिजे.

चालणं याच्या जोडीला हवंच. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात, नुकत्याच कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी ज्यांना टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेला चालण्याचा कार्यक्रम दिला, त्यांचं दुखणं उलटायला लागलेल्या दिवसांचा मध्यक २०८ होता. बाकीच्यांचा ११२. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला फेऱ्या घालायला पैसे लागत नाहीत.

सूर्यनमस्कार घातले तर चालतील?

फॅसेटचं दुखणं असेल तर भुजंगासनात आणि हात वर करून मागे झुकताना त्रास होईल. त्या दोन स्थिती निम्म्यावर थांबवा, छाती उचला पण कंबर दुमडू नका. बाकी चालू ठेवा. दुखणं शमलं की थोडं थोडं मागे वाकणं परत आणायचं आहे, कायमचं सोडायचं नाही.

रोज लोकलने जावं लागतं. काय सांभाळू?

चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकाच्या कडेला टेकून बसायची जागा, हा कमरेचा खरा शत्रू. एका नितंबावर बसायचं, एक पाय पॅसेजमध्ये रोवायचा, धड अर्धवट वळवून समोरच्यांच्या गुडघ्यांतून जागा काढायची. विरार किंवा कल्याणहून निघून तासभर असं बसलं की एका बाजूच्या एसआय जॉइंटवर आणि त्या बाजूच्या स्नायूंवर सगळा भार राहतो. ज्यांचा तो सांधा दुखतो त्यांनी चौथ्या सीटपेक्षा उभं राहावं, आणि मधूनमधून वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यावं. फॅसेटवाल्यांचं उलट: त्यांना उभं राहणं सोसत नाही. त्यांनी जमेल तेव्हा बसावं. उभं राहावंच लागलं तर पाठ टेकून, पोट हलकं आत घेऊन उभं राहावं आणि हँडलला लोंबकळून कंबर मागे कमानीसारखी जाऊ देऊ नये.

पाठीवरची सॅक गर्दीत पुढे घ्यावी लागते, तेव्हा ती छातीलगत घट्ट धरा. खाली लोंबली की पाठीचे पट्टे प्रवासभर आवळलेले राहतात. आणि गाडी थांबायच्या आधी उडी मारून उतरू नका. एका पायावर पडणारा तो धक्का थेट एसआय जॉइंटवर जातो, आणि तोही नेमका त्या क्षणी, जेव्हा स्नायू तयार नसतात. जिवाचा धोका आहे तो वेगळाच.

कमरेचा पट्टा लावू का?

रोज, दिवसभर, महिनोन्‌महिने? नको. जुनाट कंबरदुखीत पट्टे आणि ट्रॅक्शन नियमित उपचार म्हणून देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. तीव्र उसण भरली असताना दोन-चार दिवस, किंवा गावी जायच्या लांबच्या एसटी प्रवासात लावला तर काही बिघडत नाही. बाळंतपणानंतर एसआय जॉइंट दुखत असेल तर खुब्यांवरून बांधायचा अरुंद पट्टा काही काळ उपयोगी पडतो. तो कमरेवर नव्हे, त्याच्या खाली बांधायचा असतो. दुकानात मिळणारा रुंद पट्टा तिथे चुकीचा.

बाळंतपणाला वर्ष झालं, तरी एका बाजूला कळ येते. हे सोसायचंच असतं का?

अजिबात नाही. गरोदरपणात अस्थिबंध सैल होतात, पोटाचे स्नायू ताणले जातात, ओटीपोटाचा तळ थकतो. एसआय जॉइंटला धरणारं जवळजवळ सगळं एकाच वेळी ढिलं पडतं. नंतर बाळाला एकाच कडेवर घेणं, जमिनीवर वाकून अंघोळ घालणं सुरू होतं. बाई तक्रार करते आणि तिला "आम्हीही सोसलंय" असं ऐकवलं जातं. ताई, तपासून घ्या. नितंब, ओटीपोटाचा तळ आणि पोटाचा आडवा स्नायू या तिघांवर नेटाने काम केलं की हे दुखणं बहुतेक वेळा चांगलं आटोक्यात येतं.

गणपतीत ढोल वाजवतो. यंदा सोडावं लागेल का?

लगेच सोडू नका, तयारी आधी सुरू करा. ढोल कमरेला बांधला की त्याचं वजन पुढे ओढतं आणि तोल राखायला माणूस मागे झुकतो. त्या स्थितीत तासन्‌तास उभं राहणं म्हणजे फॅसेटवर थेट दाब. सरावाच्या दोन महिने आधीपासून नितंब आणि पोटाचे व्यायाम करा, सराव टप्प्याटप्प्याने वाढवा, मिरवणुकीत वादक आलटून-पालटून घ्या. वाजवताना गुडघे किंचित सैल ठेवा. वाजवून झाल्यावर उकिडवं बसून पाठ गोल करा, लगेच हलकं वाटेल.

इंजेक्शनने किंवा नस जाळून दुखणं जातं म्हणतात. मग व्यायाम कशाला?

रेडिओफ्रीक्वेन्सी उपचारात मेडिअल ब्रांच उष्णतेने बंद केली जाते. निदान पक्कं असेल तर अनेकांना सहा महिने ते वर्षभर आराम मिळतो, पुढे नस पुन्हा वाढते. पण वर सांगितलेलं आठवा: तीच नस मल्टिफिडसला चालवते. वेदना थांबते आणि त्याबरोबर त्या स्नायूच्या काही भागाचा हुकूमही तुटतो. त्यामुळे हा उपचार घेतलेल्यांनी तर व्यायाम जास्तच नेटाने करायला हवा. दुखणं नसलेला तो काळ पाठ घडवायला फार मोलाचा असतो, आणि तो गोळीविना आरामात झोपण्यात वाया जाताना पाहून जीव हळहळतो.

मालीश, शेक?

शेकाने आवळलेले पट्टे सैल पडतात, म्हणून व्यायामाआधी घ्या. हलक्या मालीशानेही बरं वाटतं. पाठीवर पाय देऊन किंवा झटका मारून "मणका बसवून" घेऊ नका, विशेषतः वय झालेल्यांनी आणि हाडं ठिसूळ असलेल्यांनी.

केव्हा अजिबात थांबू नये?

लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतली आणि बसायची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतली शक्ती जाऊ लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. तासातासाला महत्त्व असतं.

संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वी क्षय किंवा कॅन्सर झालेला असणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेलं असणं: यांतलं काहीही असेल तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांची तपासणी हवी. मणक्याचा क्षय आपल्या शहरात दुर्मीळ नाही, आणि तो वेळीच सापडला तर औषधांनी बरा होतो.

तिशीतल्या मुलाची कंबर सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली असेल, आरामाने वाढत आणि हालचालीने कमी होत असेल, पहाटे जाग येत असेल, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा मणक्याचा संधिवात बहुधा एसआय जॉइंटपासूनच सुरू होतो आणि वर्षानुवर्षं "बसून काम करतो म्हणून दुखतं" या समजुतीखाली लपून राहतो.

मुंबईत परवडेल असं कुठे दाखवू?

परळचं केईएम, सायन, नायर, विलेपार्ल्याचं कूपर ही महापालिकेची आणि भायखळ्याचं जे.जे. हे सरकारी हॉस्पिटल, सगळीकडे फिजिओथेरपीचा विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, आधी ऑर्थोपेडिकच्या ओपीडीत दाखवा, तिथून फिजिओथेरपीकडे पाठवतात. हाजी अलीजवळ केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. जाताना जुने रिपोर्ट न्या, सैल कपडे घाला, आणि "मशीन लावा" एवढंच न म्हणता व्यायाम शिकवून घ्या. फोनवर त्याचा व्हिडिओ करून घ्यायला संकोच करू नका.

व्यायाम करताना दुखलं तर थांबायचं का?

दहापैकी तीन-चारपर्यंतचं दुखणं चालतं, जर ते व्यायामानंतर उतरत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर आदल्या सकाळइतकीच असेल. सकाळी जास्त आखडलेली वाटली तर व्यायाम बंद करू नका, धरून ठेवण्याचे सेकंद निम्मे करा. कळ पायात खाली उतरू लागली, मुंग्या आल्या किंवा पाय लुळा वाटला तर मात्र तो व्यायाम तिथेच सोडा आणि पुढच्या ओपीडीला येऊन दाखवा. नाहीतर दोन-तीन दिवस कमी मात्रेवर राहून पुन्हा पाच सेकंदांनी वाढवून बघा.